सरकारी नोकरी आहे, पण दवाखान्याच्या दारात कोणतं कार्ड काढायचं?

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत आस्थापना टेबलावर आहे. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, शिपाई अशा सगळ्यांची वैद्यकीय प्रतिपूर्तीची (उपचाराचा खर्च आधी स्वतः भरायचा, मग सरकारकडून परत मिळवायचा) बिलं माझ्या हातून पुढे जातात. बरेच दिवस मनात साचलेलं इथे लिहितो आहे.

आमच्या एका सहकारी ताईंच्या यजमानांना रात्री छातीत दुखायला लागलं. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं, खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. पैसे पतपेढीचं कर्ज काढून आणि दागिने ठेवून भरले. महिन्याभराने त्या फाईल घेऊन टेबलाशी आल्या, तेव्हा मी सहज विचारलं, “ताई, ते रुग्णालय महात्मा फुले योजनेत आहे. तिथे विचारलं नाहीत का?” त्या म्हणाल्या, “ती गरिबांची ना? आपण सरकारी.”

हे वाक्य मी शिपायापासून राजपत्रित अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. आणि ते आता खरं राहिलेलं नाही.

ठरलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार देणारी ही सरकारी योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपल्या कोकणातला रायगड होता. रत्नागिरी, सिंधुदुर्ग नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं नाव झालं. तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं, संरक्षण दीड लाखाचं होतं. आपल्यापैकी बहुतेकांचं कार्ड पांढरं, म्हणून आपण बाहेर. तेव्हाची समजूत बरोबरच होती. पण २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचं ठरलं आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. पांढऱ्या कार्डवाले, त्यात सरकारी-निमसरकारी कर्मचारीही, आत आले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आयुष्मान भारतची केंद्राची योजनाही याच्याशीच जोडलेली आहे.

म्हणजे ताईंच्या घरी हे झालं तेव्हा दार उघडं होतं. रुग्णालयाने सांगितलं नाही, आणि आमच्या कार्यालयातून कधी कुणाला सांगितलंच गेलं नव्हतं. त्यांच्या फाईलला नंतर त्रुटी लागली ती वेगळीच. औषध दुकानाची बिलं त्या गुळगुळीत कागदावरची, आतापर्यंत अर्धी पांढरी पडलेली. रक्कम दिसते तर औषधाचं नाव नाही, नाव दिसतं तर तारीख नाही.

तुमच्या कार्यालयात काय परिस्थिती आहे? कुणाला काय माहीत आहे, कुणी वापरलंय का, मोकळेपणाने लिहा.

आडिवऱ्याचे_गुरुजी | सोमवार, रात्री १०:०२

विषय चांगला काढलात, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी राजापूर तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे.

प्रतिपूर्ती हा आपला सेवेतला हक्क आहे. १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांपासून तो चालत आलाय. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. हृदय शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण, रक्ताचा कर्करोग हे ते पाच. यासाठी खासगीत उपचार घेतले तरी बिल मिळतं. आपणच योजनेच्या रांगेत उभे राहायला लागलो, तर उद्या वित्त विभाग म्हणेल, यांना सगळं फुकट मिळतंय, प्रतिपूर्ती कशाला? पेन्शनचं काय झालं ते आपण पाहिलंय.

दुसरं म्हणजे, ज्याला दरमहा पगार आहे त्याने वाडीवरच्या मजुराच्या योजनेत शिरावं हे मला पटत नाही.

कुडाळचो_गाववालो | सोमवार, रात्री १०:२०

मी कंत्राटी आसंय. सरकारी कचेरीत कॉम्प्युटरार बसतंय, पगार एजन्सी देता. माझ्या बाजूक बसणाऱ्या कायम क्लार्काक मेडिकल बिल मिळता, माका काय एक मिळणा नाय. केशरी कार्ड बापाशीच्या नावार आसा, त्याच्यात माझा नाव आसा, पण बायकोचा चढवक नाय. गुरुजींचा पगाराचा बोलणा वाचून लिवतंय. आमी खयच्या रांगेत उभे रवाचा?

परिचारिका_दापोली | मंगळवार, सकाळी ६:४५

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. मी आधी सरकारी रुग्णालयात होते, आता योजनेत असलेल्या एका रुग्णालयात आहे. आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची नोंद करणाऱ्या माणसाच्या, टेबलाशेजारीच आमचा कक्ष आहे, त्यामुळे रोज काय होतं ते डोळ्यांसमोर असतं.

नातेवाईक येतात ते आधी पैसे भरण्याच्या खिडकीकडे धावतात. आरोग्यमित्राचं टेबल बहुतेक ठिकाणी दाराजवळच असतं, निळा फलक असतो, पण त्या घाईत कुणी बघत नाही. पगारदार लोक तर मुळीच नाही. एक पोलीस पाटील आणि एक तलाठी यांच्यात फरक दिसतो. पोलीस पाटील थेट आरोग्यमित्राला विचारतात, कारण गावातल्या चार जणांना त्यांनीच आणलेलं असतं. तलाठी भाऊसाहेब थेट डिपॉझिट भरतात.

पद्धत अशी आहे. शिधापत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राकडे नोंद. मग रुग्णालय तपासण्यांचे कागद लावून पूर्वमान्यता मागवतं. ती आली की उपचार. तातडीचं असेल तर फोनवरून कळवून उपचार आधी सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. योजनेतल्या उपचारात तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, रुग्णाचं जेवण आणि घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा येतो. परतीच्या एसटी भाड्याचीसुद्धा तरतूद आहे, हे तर कुणी मागतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं रुग्ण दाखल असतानाच व्हायला हवं. डिस्चार्ज घेऊन, बिल भरून, आठवड्याने “आता योजनेत बसवा” म्हणून आलेल्या माणसांना परत पाठवताना फार वाईट वाटतं.

आणि सगळे आजार यात नाहीत. २०२३ च्या निर्णयात ९९६ वरून १,३५६ उपचार झाले. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. एखादं रुग्णालय योजनेत आहे म्हणजे त्याचे सगळे विभाग योजनेत आहेत असंही नाही. कुठल्या विभागासाठी आहे ते १५५३८८ वर फोन करून विचारता येतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या यादीवर विसंबून राहू नका.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, इतकं स्पष्ट आमच्या एकाही परिपत्रकात वाचलं नाही. रात्रपाळीनंतर वेळ काढलात, मनापासून आभार.

गुरुजी, तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. प्रतिपूर्ती सोडायची असं मी म्हणतच नाही. ज्या उपचाराचे पैसे योजनेने दिले, त्याचं बिल आपल्याकडे लावता येणार नाही, एवढं उघड आहे. पण प्रतिपूर्तीत आधी स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. तुमच्या शाळेवरच्या नवीन शिक्षणसेवकाने रात्री दोन वाजता दोन लाख कुठून आणायचे? बिल पुढे गेलं की आधी कागदांची त्रुटी, मग जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र, मग मंजुरी, आणि मंजुरी आली की “अनुदान नाही”. माझ्या कपाटात मंजूर होऊन पैशांसाठी थांबलेल्या फायली आहेत. तोवर पतपेढीचं व्याज चालूच. यादीत नसलेल्या आजारासाठी खासगीत गेलात तर तेही नाही.

आपल्या संघटना कॅशलेसची, म्हणजे आधी खिशातून न भरता उपचारांची, मागणी वर्षानुवर्षं करतायत. पोलिसांना कुटुंब आरोग्य योजनेत ती सोय आहे. आपल्याला मिळेपर्यंत हाताशी आहे ते वापरू नये, असं मला वाटत नाही.

मजुराच्या वाट्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. पण पाच लाख प्रत्येक कुटुंबाचे वेगळे आहेत, मी वापरले म्हणून त्याचे कमी होत नाहीत. कमी पडतात ते डॉक्टर. आपल्याकडे ओरोसला आणि रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, अलिबागला झालं, डेरवणसारखं मोठं रुग्णालय आहे, तरी मेंदूच्या किंवा हृदयाच्या मोठ्या दुखण्याला अजून लोक घाट चढतात नाहीतर मुंबई गाठतात. भांडायचं तर त्यासाठी भांडू.

कुडाळच्या भावा, तुमचं नंतर सविस्तर लिहितो, कार्यालयात निघतोय.

अंगणवाडी_श्रीवर्धन | मंगळवार, दुपारी ३:१५

मी अंगणवाडी सेविका. आम्हाला मानधन मिळतं, कायम कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, त्यामुळे प्रतिपूर्ती हा शब्द आमच्यासाठी दुसऱ्याच्या घरचा. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना आयुष्मान भारतमध्ये घेतल्याचं जाहीर झालं.

आमचा रायगड पहिल्या टप्प्यात होता, त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात आणि कोळीवाड्यात बायकांना ही योजना पाठ आहे. डायलिसिसवाले दोघे आहेत, त्यांचं त्यातूनच चालतं. कार्ड काढायची मोहीम आली तेव्हा आशाताई आणि आम्ही घरोघर फिरलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात जास्त वेळ समजावायला लागला तो नोकरदारांच्या घरी. “आमचं ऑफिसातून होतं” म्हणून दार लावायचे. त्यांच्याच घरातले म्हातारे आईवडील मागून विचारायला यायचे.

सुपरवायझर मॅडमनी आमच्या मासिक बैठकीत एकदा तरी हा विषय घ्यावा असं मला फार वाटतं. पोषण आहाराचे तक्ते भरण्यात बैठक संपते.

निवृत्त_डाकवाला | मंगळवार, सायंकाळी ७:४०

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम गुहागर. केंद्राचं वेगळं आहे म्हणून लिहितो.

केंद्रीय कर्मचाऱ्याला सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) आहे, पण त्याचे दवाखाने मोठ्या शहरांत. आम्हाला जवळचं म्हणजे मुंबई, पुणे, नाहीतर गोवा. नोकरीत असताना १९४४ च्या वैद्यकीय नियमांनी बिलं मिळायची. निवृत्तीनंतर जिथे सीजीएचएस नाही तिथे महिन्याला एक हजार रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. एक हजारात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कशाबशा होतात. दाखल व्हायची वेळ आली तर त्याचा उपयोग नाही.

आता २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पाच लाखांपर्यंत. मी ते काढलं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, हे मात्र आधी नीट विचारून घ्या. आपल्याकडे घराघरांत माजी सैनिक आहेत. त्यांनी घाईने निवड करू नये, ईसीएचएस बहुधा त्यांना जास्त सोयीची पडेल.

आणि माझ्या हाताखाली आयुष्यभर टपाल वाटलेले ग्रामीण डाक सेवक? त्यांना सीजीएचएस नाही. डोंगर चढून, होडीने खाडी ओलांडून मनीऑर्डर पोचवणारी ही माणसं. त्यांना आम्ही अधिकाऱ्यांनी कधी बसवून सांगितलं नाही की बाबांनो, तुमच्या शिधापत्रिकेवर उपचार होतात. ही गोष्ट मला सलते.

तळकोकण | मंगळवार, रात्री ९:०५

सावंतवाडीहून. आमच्याकडे मोठं काही झालं की गाडी बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) जाते, ओरोस नंतर आठवतं. गोमेकॉने २०१८ च्या सुरुवातीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा इथे मोठी ओरड झाली होती. म्हणून निघण्याआधी ज्या रुग्णालयात जाताय तिथे तुमच्या आजाराला योजना चालते का, हे त्या दिवशीचं विचारून घ्या. पाच मिनिटं लागतात. दोडामार्गकडे माकडताप, सगळीकडे लेप्टो, पावसाळ्यात आपल्याकडे ताप साधा समजून चालत नाही, आणि तेव्हा शोधाशोध करायला कुणाला सुचत नाही.

तलाठी_सजा | मंगळवार, रात्री ९:५०

परिचारिका ताईंनी तलाठ्यांबद्दल लिहिलं ते वाचलं. खरं आहे.

एक प्रश्न. माझ्या मोबाईलवर आरोग्य कार्ड निघालंय, चौदा अंकी नंबर आहे. हेच ना ते पाच लाखांचं? कार्यालयात आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी काढून घेतलं होतं.

परिचारिका_दापोली | मंगळवार, रात्री १०:३०

नाही भाऊसाहेब, आणि बरं झालं विचारलंत. चौदा अंकी ते आभा. त्यात तुमच्या तपासण्या, कागदपत्रं यांची नोंद राहते. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड वेगळं, ते आधारवरून केवायसी (ओळख पडताळणी) करून निघतं. आशाताई काढून देतात, आपले सरकार केंद्रावर निघतं, मोबाईलवर ॲपमधूनही निघतं. आमच्याकडे महिन्यातून अनेक जण आभा दाखवून “हे चालेल ना” म्हणतात, आणि त्यात शिकलेले जास्त असतात.

तुमच्या कार्यालयातल्या सगळ्यांना उद्याच सांगा.

खाडीकाठ | बुधवार, रात्री ९:२०

कुडाळच्या भावांसाठी.

पहिलं, पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात होते का बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि एजन्सी त्या कायद्याखाली येत असेल, तर तुमचे ०.७५ टक्के आणि एजन्सीचे ३.२५ टक्के भरले जायला हवेत. कपात होत असेल तर तुमचा विमा क्रमांक मागून घ्या, तो तुमचा आहे. कपात होत नसेल तर एजन्सीला लेखी विचारा आणि त्याची प्रत कार्यालय प्रमुखांना द्या.

दुसरं, केशरी कार्डावर तुमचं नाव आहे, म्हणजे तुमच्यापुरतं आजही काम होईल. बायकोचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला आणून तुमच्या कार्डावर चढवा. कोकणात ही अडचण घरटी आहे. अर्ध्यांची नावं मुंबईच्या कार्डावर, म्हातारे गावच्या कार्डावर, सून माहेरच्या कार्डावर. योजना कुटुंब ओळखते ते शिधापत्रिकेवरून.

तिसरं, योजनेत न बसणारा खर्च आला आणि मुंबई-पुण्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात असाल, तर तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तुमच्या पगारात तुम्ही बहुधा बसाल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा.

निवृत्तीला आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठीही लिहितो, कारण त्यांच्यात सगळ्यात मोठा गैरसमज आहे. सेवेतली प्रतिपूर्ती निवृत्तीनंतर चालू राहत नाही. २०१४ मध्ये वैद्यकीय विमाछत्र योजना आली, पण तिचा हप्ता स्वतः भरायचा. त्यामुळे बरेच जण काहीच घेत नाहीत, आणि साठीनंतरच दुखणी सुरू होतात. सत्तरीच्या कार्डापर्यंतची ती मधली वर्षं उघड्यावर जातात. त्या वर्षांत फुले योजना हाच आधार आहे. सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद करतानाच शिधापत्रिका नीट करून घ्या.

आडिवऱ्याचे_गुरुजी | गुरुवार, रात्री ८:५५

माझं तत्त्वाचं म्हणणं कायम आहे. प्रतिपूर्ती टिकली पाहिजे, आणि तालुका संघाच्या सभेत कॅशलेसचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. पण डाक सेवकांबद्दल वाचलं आणि आमच्या शाळेतल्या स्वयंपाकी बाई डोळ्यांपुढे आल्या. आज मधल्या सुट्टीत त्यांचं कार्ड पाहिलं. केशरी आहे, नावं बरोबर आहेत, आशाताईंना सांगून आयुष्मान कार्डाचं काम लावलं.

मग घरी येऊन आमचं पांढरं कार्ड काढलं. त्यावर शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांकच नाही. धान्य घेत नसल्यामुळे कधी लागलाच नव्हता. आता काय करायचं?

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

गुरुजी, ठराव मांडाच, आमच्या कर्मचारी संघटनेचा पाठिंबा मी मिळवून देतो.

पांढऱ्या कार्डांचं हे सगळीकडे आहे. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. मूळ कार्ड, त्याची झेरॉक्स आणि कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाच्या आधारची प्रत. एकाचंही आधार राहिलं तर अर्ज परत येतो. मुलगा मुंबईत असेल तर त्याच्या आधारची प्रत आजच मागवा. गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा, शाखेत पाय ठेवायला जागा नसते. क्रमांक मिळाला की इथे कळवा, पुढची केवायसी कशी करायची ते तलाठी भाऊसाहेबांना आणि तुम्हाला एकदमच सांगतो.